घरातला सगळ्यात मोठा जाळ आंघोळीच्या पाण्याचा

पत्र: सिस्टर, मी निफाड तालुक्यात मजुरांच्या वस्तीत राहते. पत्र्याची एकच खोली. मी, मालक, सासूबाई, नऊ वर्षांचा मुलगा आणि अडीच वर्षांची मुलगी. मी आणि मालक द्राक्षबागेत कामाला जातो. उज्ज्वलाचा गॅस आहे, पण वर्षाला तीन-चार टाक्याच परवडतात. भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर. जळण म्हणजे द्राक्षाच्या काड्या, कधी बाभूळ. पेटवायला ठिबकच्या तुटक्या नळ्या नाहीतर कांद्याच्या फाटक्या गोण्या. थंडीत सासूबाई रात्री घमेल्यात निखारे भरून आत आणतात आणि आम्ही दार लावून झोपतो. मागच्या आठवड्यात पहाटे सगळ्यांचंच डोकं ठणकत होतं, मुलाला उलटी झाली. सासूबाई म्हणाल्या, पित्त असेल. मुलीचा खोकला दिवाळीपासून हटत नाही. सासूबाईंना स्वतःला दम लागतो. पण चूल बंद करा म्हटलं की भांडण. ‘आमची हयात गेली चुलीपुढं, आम्ही मेलो का?’ म्हणतात. त्यांना कसं समजावू?

उत्तर:

पोरी, सासूबाईंचं नंतर बोलू. आधी आज रात्रीचं.

ते घमेलं आज आत येता कामा नये. तुझं पत्र वाचताना ‘सगळ्यांचंच डोकं ठणकत होतं’ या शब्दांपाशी माझा हात थांबला. पित्त एकाला होतं. एकाच खोलीत झोपलेल्या पाचही जणांना एकाच पहाटे पित्त होत नाही. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, त्यानं डोळे चुरचुरत नाहीत. रक्तात ज्या जागी प्राणवायू बसायचा, ती जागा तो बळकावतो, आणि प्राणवायूच्या दोनशेपट घट्ट चिकटून बसतो. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते आणि मग झोप येते. त्या झोपेतून माणूस उठत नाही. तुम्ही त्या दिवशी उठलात. बहुधा पत्र्याच्या फटींतून वारा येत होता म्हणून. ज्या फटींना तू थंडीत शिव्या देत असशील, त्यांनीच तुमचा जीव वाचवला.

सासूबाईंना वाटत असेल की धूर बाहेर जिरवून लालभडक निखारेच आत आणले, म्हणजे काळजी घेतली. त्यांनी काळजी घेतलीच, फक्त धोका धुरातच असतो हे गृहीत धरलं. ही चूक मोठमोठ्या सरकारांच्याही हातून होते. मंगोलियाची राजधानी उलानबातर ही फार थंड, उणे तीस अंशांखाली जाणारी. तिथले गरीब लोक तंबूसारख्या घरांत कोळशाच्या शेगड्या पेटवतात आणि हिवाळ्यात शहर धुरानं भरतं. २०१९ साली तिथं कच्चा कोळसा जाळायला बंदी आली आणि लोकांना कमी धुराच्या विटा दिल्या गेल्या. हवा सुधारली. पण त्याच हिवाळ्याच्या तोंडाला हाच वायू साचून घरांत माणसं दगावली. धूर दिसेना, म्हणून धोका टळला असं वाटलं होतं.

पुन्हा कधी असं झालं, एकाहून अधिक जणांचं डोकं एकदम दुखलं, तर दार सताड उघडायचं, लेकरं उचलून उघड्यावर यायचं आणि १०८ ला फोन करायचा. दवाखान्यात पहिलं वाक्य हे सांगायचं: ‘बंद खोलीत विस्तव होता.’ हे न सांगितलं तर डॉक्टरही फसू शकतात, कारण बोटाला लावायचं ते प्राणवायू मोजणारं यंत्र या विषबाधेत आकडा ठीकच दाखवतं. त्याला प्राणवायू आणि हा वायू यांतला फरक कळत नाही.

आता, घमेलं नाही तर थंडीचं काय? निफाडचा पारा मला माहीत आहे. महाराष्ट्रात बऱ्याचदा सगळ्यात खाली तोच जातो, आणि बागांना थंडी बाधू नये म्हणून बागायतदार रात्रभर बागेत शेकोट्या करतात. वेलींना ऊब मिळते आणि ती बाग राबणाऱ्यांची पोरं पत्र्याखाली कुडकुडतात, याचा मला राग येतो. पण तुझ्या हातात काय आहे ते बघू. अंगातली ऊब जास्त करून खालून जाते, कोबा ती ओढून घेतो. पॅकिंगवाल्यांकडची फाटकी पुठ्ठ्याची खोकी माग. ती जाळू नकोस, उलगडून गोधडीखाली तीन-चार थर अंथर. संध्याकाळच्या चुलीच्या कडेला दोन विटा तापत ठेव आणि जाड फडक्यात गुंडाळून पायथ्याशी घे. वीट तासन्‌तास गरम राहते. तिच्यातून ऊब येते, वायू येत नाही. आमच्या आजीच्या वेळी बाळंतिणीच्या खाटेलाही हेच असायचं. फडकं दोन पदरी असू दे, मुलीच्या पायाला थेट लागायला नको.

रात्र सुटली. आता दिवस.

तू ‘चूल बंद करा’ म्हणतेस, आणि सासूबाई ‘नाही’ म्हणतात. माझं ऐकशील तर त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. मी हिशेब मांडते. हिवाळ्यात पाच माणसांना मिळून रोज सत्तर-पंचाहत्तर लिटर पाणी लागतं, कुणाला बादली, कुणाला अर्धी. तेवढं पाणी गॅसवर तापवलंस तर रोज पाव किलोच्या वर गॅस जातो. म्हणजे १४.२ किलोची एक अख्खी टाकी नुसत्या आंघोळीत पन्नासेक दिवसांत रिकामी. तीन दगडांच्या चुलीवर त्याच पाण्याला साडेतीन-चार किलो लाकूड लागतं, महिन्याला क्विंटलभर. सासूबाईंनी हे कागदावर मांडलेलं नसेल, पण जळणाची मोळी त्या रोज बघतात. पाणी गॅसवर ठेवलं तर टाकी उडते, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. सगळेजण स्वयंपाकाच्या धुराबद्दल बोलतात, योजना स्वयंपाकाच्या, पोस्टर भाकरी थापणाऱ्या बाईचं. पण तुझ्या घरातला सगळ्यात मोठा जाळ आंघोळीच्या पाण्याचा आहे, आणि तो पेटतो पहाटे, थंड हवा जमिनीलगत साचलेली असते तेव्हा. त्या वेळी धूर वर चढत नाही. डिसेंबरात सकाळी उजाडताना वस्तीबाहेर उभी राहून बघ, छपरांच्या उंचीवर धुराची चादर अडकलेली दिसेल. सगळ्या खोल्यांचं पाणी एकाच वेळी तापत असतं, म्हणून तुझी मुलगी तुझ्याच नाही, सगळ्या वस्तीच्या चुलीचा धूर ओढते.

तेव्हा चुलीवर वार करण्यापेक्षा पाण्याला हात घाल.

तान्ह्या बाळाचं पाणी उन्हात ठेवायची रीत तुझ्या माहेरीही असेल. तीच मोठ्यांना लाव. चुलीवर बसून बसून काळी झालेली पातेली घासून लख्ख करू नकोस, बाहेरून काळीच राहू दे. काळं भांडं ऊन ओढून घेतं. गोडेतेलाचे पंधरा किलोचे पत्र्याचे डबे मिळाले तर बाहेरून काळा रंग दे. (औषधाचे, फवारणीचे कॅन कितीही धुतले तरी नकोत.) सकाळी नऊला भरून दक्षिणेकडच्या उन्हात, वारा लागणार नाही अशा जागी ठेवायचे, वरून पारदर्शक प्लॅस्टिक नाहीतर काचेचा तुकडा. थंडीतलं आपलं ऊन स्वच्छ असतं, तीनपर्यंत पाणी हाताला चांगलं कोमट लागतं. चारला डब्यांभोवती बारदान आणि जुनी गोधडी गुंडाळली की दिवेलागणीपर्यंत निभतं. कमी पडलं तर त्यात उकळतं तांब्याभर घालायचं. आधी अख्खी बादली तापवायची, आता तांब्याभर.

यासाठी आंघोळीची वेळ बदलावी लागेल, आणि खरी अडचण तीच आहे. मुलीला सासूबाई दुपारी उन्हातच घालतील, त्याला त्यांची ना नसेल. मुलाची शाळा सुटल्यावर. तुझं आणि मालकांचं मात्र मी ठासून सांगते: तुम्ही बागेतून येता तेव्हा अंगावर धूळ आणि फवारणीचं औषध असतं. ते अंगावर घेऊन रात्रभर लेकरांना कुशीत घ्यायचं आणि सकाळी आंघोळ करून पुन्हा बागेत जायचं, यात उलटंच होतं. तुमची आंघोळ संध्याकाळीच हवी. सासूबाई म्हणतील, पारोशानं चुलीला शिवायचं का? त्यांची स्वतःची सकाळची आंघोळ राहू दे. देवपूजा त्यांची, त्यांच्यापुरती एक बादली तापवा. पाच जणांच्या पाण्याऐवजी एकाचंच पाणी. तेवढा धूर आजच्या पहाटेच्या धुराचा चौथा-पाचवा हिस्सा झाला. कुणाला दुखवलं नाहीस, कुणाचा देव मोडला नाहीस.

हीटरची कांडी घ्यायचा विचार मनात आला असेल तर काढून टाक. पत्र्याची खोली, ओली जमीन, वायरिंगला अर्थिंग नाही. शॉक बसलेल्या बायका मी पाहिल्यात.

आता पेटवायच्या जिनसा. ठिबकच्या नळ्या आणि कांद्याच्या गोण्या जाळणं मात्र उद्यापासून बंद, आणि यावर तडजोड नाही. लाकडाचा धूर वाईट आहे, प्लॅस्टिकचा त्याहून वाईट. त्याची काजळी चिकट असते, तव्याच्या बुडाला बोट लावून बघ, लाकडाची पुसली जाते, ही ओढली जाते. तीच छातीत बसते. पीव्हीसीचा पाइप, रेग्झीन, वायरीचं वेष्टण यांतून तर घसा जाळणारं आम्ल आणि वर्षानुवर्षं शरीरात राहणारी विषं निघतात. मला माहीत आहे, नळीचा एक तुकडा टाकला की ओली काडीही भडकते, म्हणून तो हाताशी ठेवतात. म्हणजे मूळ दुखणं ओल्या काडीचं. ऑक्टोबरच्या छाटणीच्या काड्या ओल्या असतात, त्या लगेच जाळू नकोस. एप्रिलच्या खरड छाटणीच्या काड्या उन्हाळाभर वाळतात, त्या पावसाआधी पत्र्याखाली रचून ठेव. हिवाळ्यासाठी त्या. पेटवायला दाणे काढलेली मक्याची वाळकी कणसं, तुराट्या, गोवरीचा तुकडा. तुमच्या भागात मक्याला तोटा नाही. आणि काडीवर हंगामभर मोरचूद आणि औषधं मारलेली असतात, तेव्हा काड्या पाण्याच्या चुलीला वापर, भाकरीला बाभळीचं.

चुलीची जागा तू लिहिली नाहीस. दाराच्या तोंडाशी असेल, बहुतेक वस्त्यांत असते, आणि मग सगळा धूर आतच येतो. ती खोलीच्या ज्या बाजूनं वारा निघून जातो तिकडे, पाच-सहा पावलं लांब, चार बांबूंवर एक पत्रा टाकून मांड. जळण जमिनीवर टेकवण्याऐवजी खाली लोखंडी जाळीचा तुकडा घाल. हवा खालून लागली की जाळ स्वच्छ होतो, फुंकणीही कमी लागते. फुंकणी म्हणजे धुरात तोंड घालून खोल श्वास घेणं. भांड्यावर झाकण. मुलीची झोळी चुलीपासून लांब, ती पाठीला किंवा मांडीवर असताना कुणी चुलीपुढे बसायचं नाही. एवढंसंच सांगते, पण माझ्या अनुभवात लहान पोरांच्या छातीला यानंच लवकर उतार पडतो.

धुराडं बसवू का, असं विचारशील. मी नोकरीला लागले तेव्हा निर्धूर चुलीचा कार्यक्रम चालू होता. १९८३-८४ साली केंद्र सरकारनं सुरू केला, २००२ पर्यंत चालला. सिमेंटचे पाइप घरोघर बसले. पहिलं वर्ष छान गेलं. मग पाइपात काजळी साचली, ती काढायला कुणी येईना, बायकांना वर चढता येईना, पावसाळ्यात पत्रा गळायला लागला की पाइप उपटून भोक बुजवलं. मी कितीतरी परसांत ते पाइप पडलेले पाहिले, त्यावर कोंबड्या बसत. धुराडं वाईट नाही. महिन्याला ते झाडणारा माणूस घरात असेल तरच बसव. मालक तयार असतील तर त्यांच्याकडून आधी कबूल करून घे.

आता गॅस. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली आणि आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ ला तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत, दिली गेली. जोडणी पोचली, हे मोठं काम झालं. पण सरकारी आकड्यांतच २०२३-२४ साली उज्ज्वलाचं एक घर वर्षाला सरासरी चारच टाक्या भरून घेत होतं. पाच माणसांचा सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा तर आठ-नऊ लागतात. म्हणजे तू एकटी मागं पडलेली नाहीस, देशभरातल्या तुझ्यासारख्या बायकांचं हेच चाललंय. टाकी संपते तेव्हा हातात एकरकमी पैसे नसतात, अडतं तिथं. जळण मात्र रोज थोडं थोडं, पैशाऐवजी कष्टानं मिळतं.

म्हणून तीन गोष्टी एजन्सीत जाऊन स्वतः विचारून ये. उज्ज्वलाचं अनुदान तुझ्या खात्यात येतं का, आधार आणि केवायसी नीट आहे का. ऑक्टोबर २०२३ पासून ते टाकीमागं ३०० रुपये झालं, आणि बऱ्याच बायकांचं ते कुठल्या खात्यात जातं हेच त्यांना माहीत नसतं. दुसरं, राज्यानं २०२४ साली जाहीर केलेल्या अन्नपूर्णा योजनेतल्या वर्षाच्या तीन मोफत टाक्यांचं तुझ्या नावावर काय झालंय. जोडणी बाईच्याच नावावर असावी लागते. तिसरं, मोठ्या टाकीऐवजी पाच किलोची मिळेल का. किलोमागं फारसा फायदा नाही, पण एका मजुरीच्या हप्त्यात बसते. आणि वस्तीत बचत गट असेल तर गॅससाठी वेगळी भिशी लावा. गटातून लग्नाला कर्ज मिळतं, टाकीला का मिळू नये?

असलेल्या तीन-चार टाक्या कुठं खर्चायच्या हेही सांगते. चूल पेटवताना आणि विझवताना सगळ्यात जास्त धूर होतो, ती रसरसून पेटली की कमी. दोन कप चहासाठी चूल पेटवणं म्हणजे नुसता धूरच विकत घेणं. तेव्हा सकाळचा चहा, मुलीचं दूध, रात्री कुणी आजारी असेल तर पेज, ही कामं गॅसवर. गॅस जेमतेम जळतो आणि दिवसातल्या दोन-तीन पेटवण्या वाचतात. बाजरीची भाकरी सासूबाईंना करू दे चुलीवर, निखाऱ्यावर ती जशी फुगते तशी गॅसवर फुगत नाही, हे त्यांचं खरं आहे. त्यांच्याशी असं बोल: भाकरी तुमची, चहा माझा.

मुलीच्या खोकल्याकडे मात्र वस्तीतल्या आशाताईंना उद्याच बोलव. पोर शांत झोपलेली असताना पोटावरचं झबलं वर करून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोज. अडीच वर्षांच्या मुलीचा श्वास मिनिटाला चाळीस किंवा जास्त असेल, किंवा श्वास घेताना फासळ्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या धुरानं जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली, त्यांत पाच वर्षांखालची दोन लाखांवर लेकरं होती. भीती घालायला हे सांगत नाही. दिवाळीपासूनचा खोकला ‘थंडीचा’ म्हणून सोडायचा नसतो, एवढ्यासाठी सांगते. दोन आठवड्यांवरचा खोकला असेल तर टीबीची तपासणीही करून घे, तुझ्या मुलीची आणि सासूबाईंची. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते.

आणि सासूबाई. ‘आम्ही मेलो का’ या त्यांच्या प्रश्नाला उत्तर देऊ नकोस. त्यांनी चाळीस वर्षं घर चालवलं ते या चुलीवर. चूल वाईट म्हटलं की त्यांना वाटतं, आपलं सगळं आयुष्यच वाईट ठरवलं. वादाऐवजी त्यांच्या दमाची चौकशी कर. पाण्याचा हंडा आणताना किती ठिकाणी थांबतात? रात्री उशी उंच लागते का? आपल्याकडे अशा प्रत्येक बाईला ‘दमा’ म्हणून गोळ्या देतात. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि इंग्लंडचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं की आयुष्यात विडी न ओढलेल्यांनाही विडी ओढणाऱ्यांचा फुप्फुसाचा रोग होतो, आणि त्यामागं चुलीचा धूर हे मोठं कारण आहे. त्याला सीओपीडी म्हणतात. नळीत जोरात फुंकायची एक साधी तपासणी असते, तिच्यात तो कळतो. सिव्हिलला घेऊन जा, इनहेलर लिहून दिला तर ‘सवय लागेल’ म्हणून टाळू देऊ नकोस, त्याची सवय लागत नाही. फुप्फुसाची गेलेली ताकद परत येत नाही, पण उरलेली राखता येते. एकदा त्यांना हंडा घेऊन न थांबता घरापर्यंत येता आलं, की पाणी उन्हात ठेवायचा डबा त्या स्वतः भरतील.

तू आधी फक्त एकच डबा काळा कर. मुलीच्या आंघोळीपुरता. सकाळी नऊला सासूबाईंच्याच हातानं उन्हात ठेवून घे आणि तीनला त्यांनाच बोट बुडवून बघायला सांग. पाणी किती तापलं ते मला कळव.